उघड्या वाहनातला आवाज : दुर्गाघाटाच्या नावेपासून उघड्या टपाच्या मोटारीपर्यंत

प्रस्तावना

उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेणारा माणूस काही दिवसांत एक तक्रार करू लागतो. गाडी उभी असताना गाणे छान ऐकू येते, पण रस्त्यावर वेग घेतला की गाण्यातले शब्द हरवतात. मग तो दुकानात जातो आणि दुकानदार त्याला मोठा अ‍ॅम्प्लिफायर, मोठे स्पीकर आणि सबवूफर दाखवतो. पैसे खर्च होतात, आवाज वाढतो, पण गाणे नीट ऐकू येतेच असे नाही.

ही अडचण मोटारीइतकी नवी नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या, चालत्या वाहनात संगीत किंवा बोलणे ऐकवायचे कसे, हा प्रश्न नावेत बसून गाणे ऐकणाऱ्यांपुढेही होता, जीपवर भोंगा बांधून प्रचार करणाऱ्यांपुढेही होता आणि आज मिरवणुकीत ट्रॅक्टरवर डीजेची भिंत उभारणाऱ्यांपुढेही आहे. या पाठात आपण त्याचा इतिहास पाहणार आहोत. सुरुवात काशीच्या दुर्गाघाटापासून करू. या घाटावर मोटार पोहोचत नाही. मात्र उघड्यावरच्या आवाजाचे दोन वेगवेगळे मार्ग या परिसरात शेजारी शेजारी दिसतात, म्हणून अभ्यासाला ही जागा सोयीची आहे.

पाठाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो. उघड्यावर ऐकू येण्यासाठी माणसाने दोन उपाय वापरले: आवाजाचे बळ वाढवणे आणि आवाज ऐकणाऱ्याच्या जवळ आणणे. इतिहासात पहिला उपाय जास्त गाजला, पण वाहनाच्या बाबतीत दुसरा जास्त उपयोगी ठरला.

१. दुर्गाघाट आणि त्याचा शेजार

काशीच्या उत्तरेकडच्या घाटांत पंचगंगा घाटाला लागून दुर्गाघाट आणि त्याच्या पुढे ब्रह्माघाट आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या काळात अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली. पेशव्यांच्या घराण्यात ज्यांना मोठा मान होता त्या नारायण दीक्षितांचे नाव या दोन्ही घाटांच्या बांधकामाशी जोडले जाते. वेदपाठी ब्राह्मण, पुजारी, यात्रेकरूंची सोय पाहणारे उपाध्ये आणि सरदारांचे कारभारी अशी मराठी बोलणारी वस्ती इथल्या वाड्यांत वाढली. आजही पंचगंगा ते ब्रह्माघाट या पट्ट्यात मराठी आडनावे आणि मराठी सण आढळतात.

या वस्तीची रचना आवाजाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. मागे अरुंद गल्ल्या आणि उंच दगडी भिंती, मधे उंच पायऱ्यांची उतरण आणि पुढे नदीचे मोकळे पात्र. गल्लीत उच्चारलेला शब्द भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे तो दूरपर्यंत टिकतो. तोच शब्द शेवटच्या पायरीवर उभे राहून नदीच्या दिशेने उच्चारला तर समोर त्याला परतवणारे काहीच नसते. अवघ्या काही पावलांत बंदिस्त जागा संपते आणि उघडी जागा सुरू होते. टप लावलेल्या आणि टप उतरवलेल्या मोटारीतला फरकही याच जातीचा आहे.

२. उघड्यावरचा नियम

पुढचा इतिहास समजण्यासाठी ध्वनिशास्त्रातल्या चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली: मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज, अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. दोन मीटरवर ऐकू येणारा आवाज चार मीटरवर ६ डेसिबलने, आठ मीटरवर १२ डेसिबलने आणि सोळा मीटरवर १८ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात म्हणून ही घट इतकी जाणवत नाही.

दुसरी: आवाजाची शक्ती दुप्पट केली, म्हणजे २० वॉटचे ४० वॉट केले, तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट शक्ती.

तिसरी: एक आवाज दुसऱ्याला झाकतो. विशेषतः खालच्या पट्टीचा घोंगावणारा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. वाऱ्याचा आवाज नेमका असा घोंगावणारा असतो आणि तो वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेला की वाऱ्याच्या आवाजात साधारण १५ ते १८ डेसिबलची भर पडते.

चौथी: बंद मोटारीच्या लहानशा पोकळीत खर्ज आपोआप फुगतो, कारण हवेला बाहेर जायला वाट नसते. टप उतरवला की हा फायदा जातो. म्हणून उघड्या गाडीत सर्वांत आधी ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा आणि गिटारच्या जाड तारांचा भरीवपणा नाहीसा होतो.

३. नौबत आणि नाव : दोन जुने मार्ग

दुर्गाघाटाच्या शेजारीच, पंचगंगेच्या बाजूला, बालाजीचे मंदिर आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ तरुणपणी इथे शहनाईचा रियाज करत, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्यांच्या घराण्यात देवळाच्या आणि दरबाराच्या नौबतखान्यात वाजवण्याची परंपरा होती. नौबतखाना किंवा नगारखाना म्हणजे दरवाजाच्या माथ्यावरची वाजवण्याची जागा. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरही असाच नगारखाना आहे. तिथे वाजणारी सनई आणि चौघडा ही वाद्ये मुळातच उघड्यासाठी घडलेली आहेत. सनईची पत्ती लहान असली तरी तिचा शंकूसारखा फाकत गेलेला आकार आवाज हवेत कार्यक्षमतेने सोडतो आणि कानाला सर्वांत जास्त जाणवणाऱ्या वरच्या पट्टीत तिचा जोर असतो. नगाऱ्याचे मोठे कातडे हवेचा मोठा थर एकदम हलवते. शिवाय वाजवणारे उंचावर बसतात, त्यामुळे गर्दीतल्या माणसांच्या अंगांत आवाज शोषला जात नाही. हा झाला बळाचा मार्ग.

त्याच नदीवर दुसरा मार्ग दिसत असे. होळीनंतरच्या मंगळवाराशी जोडलेला ‘बुढवा मंगल’ हा काशीचा नावांवरचा उत्सव एकोणिसाव्या शतकात भरात होता. रईस मंडळी मोठ्या नावा, ज्यांना तिथे बजडे म्हणत, एकमेकींना जोडून त्यांवर गालिचे अंथरत, दिवे लावत आणि रात्रभर गायिकांच्या मैफली होत. साथीला सारंगी आणि तबला. आता विचार करा: सारंगी हे काही नगाऱ्यासारखे दणदणीत वाद्य नाही. नदीच्या मोकळ्या पात्रात, वाहत्या वाऱ्यात, चालत्या नावेवर सारंगी ऐकू कशी यायची? उत्तर साधे आहे. ऐकणारे दोन-चार हातांवर बसलेले असत. आवाज वाढवला जात नसे, ऐकणाराच जवळ येई. वल्ह्यांनी चालणाऱ्या नावेला यंत्राची घरघर नसते, त्यामुळे झाकून टाकणारा आवाजही फार थोडा. शेजारच्या बजड्यावर वेगळी मैफल चालू असली तरी काही मीटर पाणी मधे आले की ती मागे पडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा उत्सव बंद पडला. पुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले, ते ध्वनिक्षेपकाच्या काळात.

सोळा मीटर दूर बसलेल्या माणसाला दोन मीटरवरच्या माणसाइतकेच ऐकवायचे असेल तर १८ डेसिबल जास्त, म्हणजे सुमारे त्रेसष्टपट शक्ती लागेल. बजड्यावरच्या गालिच्याने ही त्रेसष्टपट शक्ती वाचवली होती.

४. भोंगा येतो

फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीतच बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेचा समारंभ झाला. तिथले गांधीजींचे गाजलेले भाषण ध्वनिक्षेपकाशिवायच झाले. मोठी सभा म्हणजे मोठ्या आवाजाचा वक्ता, असाच तोवरचा हिशेब होता. गर्दीच्या मागच्या टोकाला शब्द पोहोचत नसत. पुढचे लोक मागच्यांना सांगत.

जवळपास त्याच वेळी अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम हे दोघे तारेच्या हलत्या वेटोळ्याला लांब कर्णा जोडून ध्वनिक्षेपक बनवत होते. डिसेंबर १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी नाताळचे गाणे एका प्रचंड जमावाला ऐकवले. १९१९ मध्ये सॅन डिएगोत अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण अशाच यंत्रणेवरून हजारो लोकांनी ऐकले. भारतात हे साधन सभांपर्यंत नेण्यात मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीचा आणि नानिक मोटवाने यांचा मोठा वाटा आहे. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि सभांत त्यांचे ध्वनिक्षेपक दिसू लागले. जुन्या छायाचित्रांत नेत्यांपुढच्या मायक्रोफोनवर पेढीचे नाव स्पष्ट वाचता येते.

भोंग्याचा आकार सनईच्या तोंडासारखाच, आणि कारणही तेच. साध्या कागदी कोनाचा स्पीकर त्याला मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एक-दोन टक्के भाग आवाजात बदलतो. उरलेल्याची उष्णता होते. कर्ण्याचा भोंगा त्याच विजेतून अनेक पटींनी जास्त आवाज काढतो. मात्र तो खर्ज देत नाही. माणसाच्या बोलण्याच्या पट्टीपुरताच तो चांगला. म्हणून भोंग्यावरून बोलणे समजते, पण गाणे किरटे वाटते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप आणली आणि भारतातले सर्वांत ओळखीचे उघडे वाहन तयार झाले. टपावर किंवा बॉनेटवर भोंगा, आत बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि हातात माइक. निवडणूक प्रचार, सिनेमाची जाहिरात, साथीच्या रोगाची दवंडी, कुटुंबनियोजनाचा संदेश हे सारे महाराष्ट्राच्या गावोगावी या जोडगोळीने पोहोचवले. यात एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जीपमधला भोंगा बाहेरच्या लोकांसाठी होता, जीपमध्ये बसलेल्यांसाठी नव्हता. वाहनातला आवाज कोणासाठी, हा प्रश्न इथे पहिल्यांदा स्पष्टपणे उभा राहतो.

५. मोटारीत बसलेल्यासाठी : रेडिओ

मोटारीत बसलेल्या माणसासाठी आवाज, हा विचार अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरू झाला, पण तो सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला १९३० मध्ये. त्या वर्षी शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीचेही तेच नाव झाले. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला मोटार-रेडिओ आणला. त्याची किंमत एखाद्या लहान मोटारीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती.

या रेडिओंपुढची मुख्य अडचण विजेची होती. काचेच्या व्हॉल्व्हना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि तेव्हाच्या मोटारीत बॅटरी सहा व्होल्टची. म्हणून ‘व्हायब्रेटर’ नावाचा कंप पावणारा स्विच वापरून बॅटरीची सरळ वीज तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडत आणि तिचा दाब वाढवत. १९५५ मध्ये क्रायस्लरने पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ देऊ केला. ट्रान्झिस्टरला जास्त दाब लागत नाही, त्यामुळे व्हायब्रेटर गेला. पुढे बारा व्होल्टची बॅटरी सर्वत्र झाली, तरी एक मर्यादा उरली. बारा-चौदा व्होल्टवर थेट चालणारा अ‍ॅम्प्लिफायर चार ओहमच्या स्पीकरला सलगपणे साधारण २० वॉटच देऊ शकतो. आजही खोक्यावर ‘५० गुणिले ४ वॉट’ छापलेले असते. तो क्षणिक कमाल आकडा असतो. याहून जास्त हवे तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवावा लागतो आणि त्याच्या पोटात पुन्हा तेच काम चालते: बॅटरीची वीज तोडून तोडून दाब वाढवणे. व्हायब्रेटरचेच काम आता अर्धवाहक स्विच करतात.

भारतात मोटार-रेडिओ हा बराच काळ श्रीमंतांचा विषय राहिला. १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि दर वर्षी पोस्टात पैसे भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. १९८० च्या दशकात हा परवाना गेला. तोवर कॅसेट आली होती आणि फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या मालकांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून कॅसेट प्लेअर आणून बसवायला सुरुवात केली होती. मागच्या काचेखालच्या फळीला भोके पाडून बसवलेले अंडाकृती स्पीकर ही त्या काळाची खूण.

६. गोव्याची ‘स्टॉर्म’ आणि जपानची युक्ती

मराठी वाचकाच्या सर्वांत जवळची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार गोव्यात तयार झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने ‘स्टॉर्म’ ही दोन आसनांची मोटार आणली. इंजिन रेनॉचे, सुमारे १.२ लिटरचे, आणि शरीर फायबरग्लासचे. गाड्या थोड्याच खपल्या, पण भारतात अशी मोटार बनू शकते हे तिने दाखवले.

अशा गाडीत नवी ध्वनियंत्रणा बसवणाऱ्या कारागिरापुढे दोन खास अडचणी येतात. पत्र्याच्या मोटारीत सारे शरीरच विजेची परतीची वाट असते. कुठल्याही बोल्टला काळी तार जोडली की काम होते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून परतीची वेगळी तार थेट चासीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते, नाहीतर स्पीकरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू येते. दुसरी अडचण जागेची. टप दुमडून ठेवायला मागची जागा लागते, त्यामुळे मागची फळीच नसते. राहिले दोन दरवाजे, तेही गुडघ्याच्या उंचीवर. तिथून निघालेला आवाज मांडीवर आणि आसनावर आपटतो आणि कानापर्यंत पोहोचण्याआधी वारा त्याला झाकतो.

या अडचणीवर माझ्दा कंपनीने शोधलेला उपाय इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९८९ मध्ये आलेल्या तिच्या ‘एमएक्स-५’ या छोट्या उघड्या मोटारीत डोके टेकवायच्या उशीत, म्हणजे हेडरेस्टमध्ये, स्पीकर बसवून मिळत. पुढच्या पिढ्यांत बोस कंपनीच्या यंत्रणेत हीच कल्पना टिकली आणि तिला आणखी एक जोड मिळाली: टप उघडा आहे की बंद, हे ओळखून स्वरपट्ट्यांचा समतोल आपोआप बदलणे.

हिशेब करून पाहू. दरवाज्यातला स्पीकर कानापासून सुमारे ८० सेंटिमीटर दूर आहे आणि हेडरेस्टमधला २० सेंटिमीटर. अंतर चौपट, म्हणजे फरक १२ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत सुमारे सोळापट. स्पीकरची जात तीच धरली तर दरवाज्यातल्या १६ वॉटचे काम कानाजवळचा १ वॉट करतो. आणि महत्त्वाचे म्हणजे, शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराला त्यातले फारसे काही ऐकू येत नाही. बुढवा मंगलच्या बजड्यावर ऐकणारा गायिकेजवळ सरकला होता, इथे स्पीकर ऐकणाऱ्याजवळ सरकला. तत्त्व एकच.

७. डीजेची भिंत : बळाच्या मार्गाचे टोक

याच काळात रस्त्यावर उलट दिशेने प्रवास चालू होता. महाराष्ट्रातल्या मिरवणुकांत ढोल-ताशे, लेझीम, बँड यांच्या जागी ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटर आणि स्पीकरची भिंत आली. तीही उघड्या वाहनातली ध्वनियंत्रणाच. पण ती जवळच्यांसाठी नसून अख्ख्या रस्त्यासाठी असते. खर्जाचे मोठे स्पीकर रांगेने रचले की त्यांचा आवाज एका ठिकाणच्या आवाजापेक्षा हळू उतरतो आणि अरुंद गल्लीत तर भिंती त्याला उतरूच देत नाहीत. खालच्या पट्टीच्या लाटा दारे-खिडक्या लावूनही घरात येतात. पुण्याच्या पेठेत किंवा काशीच्या गल्लीत, जिथे दोन घरांमधले अंतर काही हातांचे असते, तिथे मिरवणुकीतला ‘उघडा’ आवाज प्रत्यक्षात बंदिस्तच असतो.

कायद्याने याची दखल घेतली. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई झाली. पुढे ठरावीक सणांसाठी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल देऊन, न ऐकण्याचा हक्क हाही जगण्याच्या हक्काचा भाग आहे अशा अर्थाची भूमिका घेतली. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निकाल देताना अंमलबजावणीची जबाबदारी यंत्रणेवर टाकली. नियम महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात एकच आहेत; पाळले किती जातात हा दोन्हीकडे वादाचा विषय आहे.

बळाच्या मार्गाची किंमत वाजवणाऱ्यालाही मोजावी लागते. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असे सर्वसाधारण वैद्यकीय मान आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, १०० ला पंधरा मिनिटे. उघड्या मोटारीत महामार्गाच्या वेगाला नुसत्या वाऱ्याचा आवाजच ८५ च्या आसपास किंवा वर जातो. त्यावर गाणे चढवायचे म्हणजे ९५ च्या पुढे जाणे आले. म्हणजे गाणे नीट ऐकू येण्याआधीच कानाची मुदत संपत आलेली असते. कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. डीजेच्या ट्रॉलीमागे नाचणाऱ्या तरुणाला आणि उघड्या मोटारीच्या हौशी मालकाला हा हिशेब सारखाच लागू होतो.

८. इतिहासातून निघणारा क्रम

वरील इतिहास लक्षात घेतला तर उघड्या गाडीतली ध्वनियंत्रणा सुधारण्याचा क्रम दुकानातल्या क्रमाच्या नेमका उलटा निघतो.

पहिले, झाकणारा आवाज कमी करावा. आसनांच्या मागे जाळीचा किंवा काचेचा वारा-अडवणारा पडदा लावला, बाजूच्या काचा वर ठेवल्या, तर मानेमागून आत वळणारा वारा कमी होतो. वल्ह्यांच्या नावेला हा फायदा आपोआप होता.

दुसरे, आवाज जवळ आणावा. हेडरेस्टमधले स्पीकर, किंवा ते शक्य नसेल तर दरवाज्यातल्या स्पीकरपासून वेगळे काढलेले बारीक आवाजाचे ट्वीटर कानाच्या रोखाने, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशाच्या त्रिकोणात बसवावेत.

तिसरे, बसवण्याची जागा पक्की करावी. दरवाज्याचा पत्रा किंवा फायबर थरथरत असेल तर त्यावर जड चिकटपट्टी लावून भोके बुजवावीत, म्हणजे स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्याला खोडत नाही. उघड्या गाडीत पावसाचे पाणी दरवाज्यात शिरते, म्हणून कागदी कोनाऐवजी प्लास्टिकच्या कोनाचे स्पीकर घ्यावेत आणि पाण्याची वाट मोकळी ठेवावी.

चौथे, स्वरपट्ट्यांचा समतोल टप उघडा असताना वेगळा ठेवावा. फुगलेला खर्ज परत आणण्याच्या मागे फार लागू नये. माणसाच्या आवाजाची पट्टी स्पष्ट करावी. भोंग्याने हेच शिकवले.

पाचवे आणि शेवटचे, शक्ती वाढवावी. ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात बारा व्होल्टच्या बॅटरीतून चाळीस अ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त ओढतो. जाड तार, बॅटरीजवळच फ्यूज आणि परतीची पक्की वाट नसेल तर आगीचा धोका असतो.

सारांश

उघड्यावर आवाज टिकत नाही, ही अडचण नगारखान्याने बळाने सोडवली आणि बजड्याने जवळिकीने. ध्वनिक्षेपकाने बळाला विजेची जोड दिली, त्यातून सभा घडल्या, प्रचार घडला आणि पुढे डीजेची भिंतही आली. मोटारीतल्या ध्वनियंत्रणेने बरीच दशके तोच मार्ग धरला, पण उघड्या टपाच्या मोटारीने तिला दुसऱ्या मार्गाकडे वळवले, कारण वाऱ्याशी बळाने लढता येत नाही आणि लढलेच तर कान हरतात. जवळिकीच्या मार्गात ऐकणाऱ्याला जास्त मिळते आणि ज्याने गाणे मागितले नाही त्याला त्रास होत नाही. दुर्गाघाटासारख्या दाट वस्तीत, जिथे देवळातली सनई, दारातली आरती, नदीवरची नाव आणि आजाऱ्याची झोप सारे एकाच गल्लीत नांदते, तिथे या दुसऱ्या गोष्टीचे मोल पहिल्यापेक्षा कमी नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातले कोणते वाद्य उघड्यासाठी आणि कोणते बैठकीसाठी घडलेले आहे? आकार आणि पट्टी पाहून कारण सांगा.

२. स्पीकर कानापासून एक मीटरवरून पाव मीटरवर आणला तर मोकळ्या जागेत किती डेसिबलचा फायदा होईल? तेवढाच फायदा शक्ती वाढवून मिळवायचा तर ती किती पट करावी लागेल?

३. जीपवरचा भोंगा, हेडरेस्टमधला स्पीकर आणि डीजेची भिंत या तिन्हींत आवाज कोणासाठी आहे आणि तो कोणाला ऐकावा लागतो? या दोन उत्तरांतल्या फरकावर टिपण लिहा.

४. तुमच्या भागातल्या एखाद्या मिरवणुकीचा मार्ग कागदावर काढा. गल्ली कुठे अरुंद आहे, शाळा व दवाखाने कुठे आहेत हे दाखवा आणि कोणत्या टप्प्यावर कोणती वाद्ये योग्य ठरतील ते सुचवा.